प्रायश्चित्त कोणी घ्यावयाचे?
अमेरिकन मिशन, ॲण्डोव्हरचा वाद आणि आपले वाडवडील

अमेरिकेत येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांत असे एखादेच असेल, की ज्याला "तुमचे तारण झाले आहे काय?" असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. कधी शेजारीण विचारते, कधी कामावरची सोबतीण, कधी सकाळच्या वेळी हातात पुस्तके घेऊन दाराशी उभे राहिलेले दोन तरुण. विचारणारी माणसे बहुधा सज्जन असतात आणि मनापासून विचारतात. आपणही "आम्ही ज्यू आहोत" असे हसून सांगतो व विषय मिटवतो. परंतु हाच प्रश्न शाळेतून घरी आलेला नातू विचारू लागला म्हणजे तो तसा मिटत नाही. "त्यांच्यासाठी कोणीतरी मेला, मग आपल्यासाठी कोण मेला?" असे एका मुलाने आपल्या आजीला विचारल्याचे आमच्या कानांवर आहे. आजीने त्याला जेवायला वाढले आणि वेळ मारून नेली.

अशा वेळी काय सांगावे हे आपल्याला सुचत नाही, कारण हा प्रश्न अमेरिकेतला, नवा, आपल्याशी संबंध नसलेला, असे आपण धरून चालतो. वास्तविक अमेरिकेने हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना दोनशे वर्षांपूर्वीच विचारला होता, आणि तोही मुंबईत व मराठीत.

१८१० साली मॅसॅच्युसेट्समधील ॲण्डोव्हर येथील धर्मशास्त्राच्या पाठशाळेतल्या काही विद्यार्थ्यांनी आपल्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांकडे अर्ज केला, की आम्हांस परदेशांत धर्मप्रसारासाठी पाठवा. त्या अर्जातून 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन पाद्री १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांस परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. पण त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि 'अमेरिकन मराठी मिशन' उभे राहिले. नॉट प्रकृतीमुळे लवकरच परतले. हॉल मात्र मराठी शिकले, बाजारांतून व देवळांपुढे उभे राहून बोलले, शाळा काढल्या आणि १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले. त्याच साली मिशनने मराठी नवा करार छापून पुरा केला.

या शाळांत आपली मुले होती, आणि पुढे शिकवावयासही आपली माणसे होती. कोकणातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे आपले लोक त्या वेळी मुंबईत येऊन पलटणीत, गोदीत, सुतारकामात शिरत होते. मुलांना लिहा-वाचायला शिकवणारी जी शाळा जवळ होती ती मिशनची होती. १८२९ साली स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, ते मुख्यतः आपल्याच लोकांसाठी. ज्या समाजाला 'शेमा'पलीकडे हिब्रू फारसे उरले नव्हते, त्याला तोरा वाचण्याची किल्ली ख्रिस्ती पाद्र्यांनी दिली, ही गोष्ट हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्यासारख्या आपल्या पहिल्या इतिहासकारानेही लपवलेली नाही. केहिमकरांचा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला व १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. ज्या घरी असेल त्यांनी तो काढून जरूर पाहावा.

मिशनऱ्यांचा हेतू अर्थातच शिकवण्यापुरता नव्हता. अब्राहामाची लेकरे हिंदुस्थानात मराठी बोलताना सापडली, याचा त्यांना फार आनंद झाला होता. मूर्तिपूजा सोडा असे यांना सांगावेच लागत नव्हते. फक्त एक पायरी राहिली, असे त्यांना वाटे. पण ती एक पायरी आपल्या लोकांनी चढली नाही. शाळेत शेकड्यांनी मुले गेली. बाप्तिस्मा घेणारे अगदी थोडे निघाले. असे का झाले, हे समजण्यासाठी मिशनरी नेमके काय सांगत होते ते आधी पाहिले पाहिजे.

येशू मरण पावला म्हणून मनुष्याचे पाप फिटले, हे सर्व ख्रिस्ती मानतात. परंतु एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप फिटते कसे, याचे एकच एक उत्तर ख्रिस्ती धर्माच्या कोणत्याही सार्वत्रिक धर्मसभेने कधी ठरवून दिलेले नाही. उत्तरे अनेक आहेत, आणि ती त्या त्या काळाच्या कारभारासारखी दिसतात. ज्या काळी चाचे माणसे धरून नेत व पैसे घेऊन सोडीत, त्या काळी असे म्हणत की मनुष्य सैतानाच्या कैदेत होता आणि येशूचा प्राण ही त्याच्या सुटकेची खंडणी होय. चौथ्या शतकातले ग्रेगरी ऑफ निसा यांनी तर यासाठी गळाचा दाखला दिला आहे. मनुष्यदेह हे आमिष, आत लपलेले देवपण हा गळ, आणि आमिष गिळणारा सैतान हा मासा! कोकणच्या खाडीकाठी वाढलेल्या आपल्या माणसांस हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. पण देवाने सैतानाला फसवले हे पुष्कळ ख्रिस्ती पंडितांनाच पुढे रुचेना.

अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म नावाच्या मोठ्या धर्मपंडिताने, जो कँटरबरीचा आर्चबिशप होता, निराळे उत्तर दिले. त्याचा काळ सरदार-जहागीरदारांचा. धन्याचा मान राखणे हा कुळाचा पहिला धर्म. मनुष्याने पाप करून देवाचा मान मोडला. त्याची भरपाई मनुष्यानेच केली पाहिजे, पण ती देण्याइतके मनुष्याजवळ आहे काय? म्हणून जो देव आणि मनुष्य दोन्ही आहे त्याने ती दिली. हा ग्रंथ त्याने १०९८ साली पुरा केला. आपल्या दृष्टीने त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्याच्या थोडे आधी अँसेल्मचा मित्र, वेस्टमिन्स्टरचा मठाधिपती गिल्बर्ट क्रिस्पिन याने एक संवाद लिहून अँसेल्मकडे पाठवला होता. एक ख्रिस्ती आणि एक यहुदी यांच्यातला तो संवाद होता. हा यहुदी जर्मनीतल्या माइन्झ शहरी शिकलेला होता आणि व्यवहाराच्या निमित्ताने गिल्बर्टकडे येत-जात असे. देवाने दिलेले नियमशास्त्र कोणी मागे कसे घेईल, देव मनुष्य कसा होईल, असे तो निर्भीडपणे विचारतो आणि दोघे मित्रासारखे बोलतात. अँसेल्मने जी कोडी सोडवावयास घेतली त्यांत अशा यहुदी आक्षेपांचा वाटा आहे असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या सर्वांत नावाजलेल्या उत्तरामागे एका यहुद्याचा प्रश्नही असावा. त्या यहुद्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तो संवाद लिहिला गेल्यानंतर लवकरच, १०९६ साली, धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी माइन्झमधल्या आपल्या लोकांची कत्तल केली.

अँसेल्मनंतर एका पिढीने पॅरिसच्या बाजूस आबेलार झाला. निरपराध्याच्या रक्ताने देवाचे समाधान होते हे त्याला क्रूर वाटले. येशूच्या मरणाने देवाचे प्रेम दिसते, ते पाहून मनुष्याचे मन पालटते, आणि हेच तारण, असे त्याचे म्हणणे. याच आबेलारने एका संवादात यहुद्याच्या तोंडी आपल्या लोकांच्या हालअपेष्टांचे जे वर्णन घातले आहे, तितके सहानुभूतीचे लिखाण त्या काळी दुसऱ्या ख्रिस्ती माणसाने क्वचितच केले असेल. हा निव्वळ योगायोग असे आम्हांस वाटत नाही. ज्याचा देव रक्ताचा हिशेब मांडीत नाही, त्याला रक्ताचा आळही दुसऱ्यांवर घालावासा वाटत नाही.

पुढे सोळाव्या शतकात काल्व्हिनने हा व्यवहार कचेरीत नेला. देव न्यायाधीश, मनुष्य गुन्हेगार, शिक्षा मरणाची. ती येशूने आपल्या अंगावर घेतली. आज अमेरिकेत टेलिव्हिजनवर व तंबूंतल्या सभांत जे ऐकू येते ते बहुतांशी हेच. परंतु मुंबईला आलेल्या अमेरिकन पाद्र्यांच्या न्यू इंग्लंडात त्या वेळी याहून थोडी निराळी शिकवण चालत असे. हॉलंडचे कायदेपंडित ग्रोशिअस यांनी ती १६१७ साली मांडली होती आणि न्यू हेवनचे धाकटे जोनाथन एडवर्ड्स यांनी १७८५ साली तीन व्याख्यानांत ती अमेरिकेत पक्की केली. तिच्यात देव सावकारही नाही आणि सूड घेणारा न्यायाधीशही नाही; तो राज्यकर्ता आहे. राजाला क्षमा करावयाची इच्छा असली तरी सर्रास क्षमा केली तर कायद्याचा धाक राहत नाही. म्हणून क्षमा करतानाच कायदा किती गंभीर आहे हे जगाला दिसावे, यासाठी क्रूसाचा प्रसंग. अमेरिकेत नवे राज्य, नवी घटना यांची चर्चा चालू असताना ही शिकवण फोफावली, यात नवल नाही.

हे सर्व मराठीत आणावयाचे म्हणजे शब्द हवेत, आणि इथे मिशनऱ्यांची खरी अडचण झाली. पापाची फेड या अर्थी त्यांनी 'प्रायश्चित्त' हा शब्द घेतला. आता मराठी माणूस प्रायश्चित्त 'घेतो'. ज्याने चूक केली त्याने ते घ्यावयाचे असते. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. तो मिशनऱ्यांकडे राहून आला होता, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी समाजाचा रोष पत्करला. त्या सबंध वादात प्रायश्चित्त द्यावे की नाही याचा काथ्याकूट झाला. पण ते श्रीपतच्या ऐवजी दुसऱ्या कोणी घ्यावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. मिशनरी मात्र त्याच शब्दाने सांगत होते की तुमचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घेतले आहे. ऐकणाऱ्याला ते दानासारखे न वाटता चुकल्यासारखे वाटले असेल तर दोष कोणाला द्यावा?

'तारण' या शब्दाची गंमत त्याहून मोठी. मिशनऱ्यांनी तो तारणे, बुडत्याला वाचवणे, या अर्थी घेतला. पण आपल्या आजोबा-पणजोबांना 'तारण' म्हटले की सावकाराकडे ठेवलेले दागिने आठवत. कर्जासाठी जे तारण ठेवावयाचे ते फेडल्याशिवाय सुटत नाही. आणि मौज अशी की हा अर्थ मुळाशी पुष्कळ जवळ आहे. किप्पूर ज्या हिब्रू धातूपासून आला त्याच धातूपासून 'कोफेर' हा शब्द येतो, आणि कोफेर म्हणजे प्राणाच्या मोबदल्यात भरलेली रक्कम. शब्द एकच, पण त्याच्यापासून दोन धर्म दोन वाटांनी गेले.

आता आपल्या वाडवडिलांनी हे सर्व ऐकून काय केले? त्यांच्यापाशी वादाला लागणारी पुस्तके नव्हती. पण एक दिवस होता. किप्पूरला आपल्याकडे पूर्वी किप्पूर म्हणत नसत. 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारे लावून घ्यावयाची, पांढरी वस्त्रे नेसावयाची, अन्नपाणी वर्ज्य, परक्याचा स्पर्श नाही, दिवस मावळेपर्यंत घरात राहावयाचे. दुसरे दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी दार उघडे, भिकाऱ्यांना दान, आप्तेष्टांच्या भेटी. हझ्झन नव्हता, सेफेर तोरा नव्हता, बकरा नव्हता, मंदिर नव्हते, तरीही पापाचा एक दिवस असतो आणि तो स्वतःच्या पोटाने व स्वतःच्या तोंडाने काढावयाचा असतो, एवढे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. अशा माणसाला येऊन कोणी सांगू लागला की तो दिवस दुसऱ्याने तुझ्यासाठी काढून ठेवला आहे, तर त्याने मान हलवून ऐकले असेल आणि पुढल्या तिश्री महिन्यात पुन्हा दार लावले असेल.

मिशनरी विचारीत: मंदिर पडले, बळी थांबले, आता रक्तावाचून तुमची पापे कशी धुतली जाणार? प्रश्न वाजवी होता. लेवीय पुस्तकात रक्ताने प्रायश्चित्त होते असे सांगितलेच आहे. पण त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात असेही आहे की ज्या गरिबाला दोन पारवेसुद्धा परवडत नाहीत, त्याने एफाचा दहावा हिस्सा पीठ आणावे. याजकाने त्यातले काही वेदीवर जाळावे, आणि त्याचे पाप त्यानेच फिटते. पिठात रक्त कुठले आले? मंदिर जळाल्यावर एका रब्बीने त्याच्या अवशेषांकडे पाहून शोक केला, तेव्हा रब्बान योहानान बेन झक्काई यांनी त्याचे सांत्वन केले, की दयेची कृत्ये हे तितकेच मोठे प्रायश्चित्त आपल्यापाशी उरले आहे. किप्पूरला दुपारी आपण योनाचे पुस्तक वाचतो. निनवे शहराने कोणताही बळी न देता उपास केला, वाट बदलली, आणि देवाने क्षमा केली. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात तर बापाचे पाप मुलाच्या माथी नाही आणि मुलाचे बापाच्या माथी नाही, हे इतक्या सविस्तरपणे सांगितले आहे की त्यावर भाष्य नको. आणि मिश्ना याहीपुढे जाते. देवाविरुद्ध केलेल्या पापाला किप्पूर पुरे. पण शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर त्याची समजूत काढल्याखेरीज किप्पूरचाही उपयोग नाही. म्हणजे तिथे देवसुद्धा मध्ये पडत नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजे येशू असे ख्रिस्ती मानतात. राशींनी तो सेवक म्हणजे इस्राएल लोक असा अर्थ केला, आणि ते स्वतः माइन्झच्या यशिवेत शिकलेले व १०९६ सालच्या कत्तली ज्यांच्या हयातीत झाल्या असे होते, हे लक्षात ठेवून तो अर्थ वाचावा.

ही उत्तरे आपल्या लोकांना मिळाली ती पुष्कळशी मिशनने छापलेल्या मराठी बायबलातूनच, आणि नंतर जोसेफ यहेज्केल राजपूरकरांसारख्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली त्यांतून. ज्याने किल्ली दिली त्याच्याच कुलुपाला ती लागली नाही, असे म्हणावयाचे.

आता ॲण्डोव्हरकडे वळू, कारण या गोष्टीचा पुढचा भाग अमेरिकेत घडला आणि त्याचे मूळ आपल्या नगर जिल्ह्यात होते. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईस, अमेरिकन मराठी मिशनच्या घरातला. येल व ॲण्डोव्हर येथे शिकून ते १८७४ साली अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) गेले व तिथे त्यांनी पाद्री घडवणारी पाठशाळा काढली. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांस ह्यूमसाहेब परके नाहीत. भायखळ्याची ह्यूम हायस्कूल आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ते नाव याच घराण्याचे. खेड्यापाड्यांतून नवे ख्रिस्ती होणाऱ्यांचा पहिला प्रश्न मिशनऱ्यांना सर्वत्र एकच येई: माझे आईबाप, माझे आजे-पणजे, ज्यांच्या कानावर येशूचे नावही पडले नाही, ते कोठे आहेत? जुनी शिकवण सांगत असे, नरकात. कारण तारण एकाच वाटेने आणि तेही या जन्मातच.

आम्ही रुग्णसेवेत वर्षे काढली आहेत, म्हणून या प्रश्नाचे वजन आम्हांस थोडे ठाऊक आहे. रात्रपाळीला, अखेरच्या दिवसांत, स्वतःच्या पापांविषयी बोलणारी माणसे आम्हांस थोडी भेटली. बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाविषयी, चर्चला न गेलेल्या नवऱ्याविषयी बोलणारी पुष्कळ भेटली. मरणाऱ्या माणसाला स्वतःच्या तारणाहून आपल्या माणसांची काळजी अधिक असते. नगरकडच्या त्या शेतकऱ्यांचे तेच होते.

ॲण्डोव्हरच्या काही प्राध्यापकांनी या प्रश्नावर त्या वेळी नवे मत मांडले होते: ज्यांना या आयुष्यात ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्यांना मरणानंतर, शेवटच्या न्यायापूर्वी, ती मिळेल. ह्यूम १८८६ साली रजेवर अमेरिकेत आले असता ॲण्डोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या मताच्या बाजूने बोलले. झाले! त्यांना हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही याचाच बोर्डात वाद पेटला. मरणानंतर संधी असेल तर मग मिशन कशाला, लोक पैसे कशाला देतील, असा विरोधकांचा सवाल होता. त्याच ऑक्टोबरात डे मॉईन येथे बोर्डाची वार्षिक सभा भरली, ती या विषयाने दणाणली. १८८७ साली ह्यूम यांना परत जाण्याची परवानगी मिळाली. इकडे ॲण्डोव्हरमध्ये पाच प्राध्यापकांवर पाखंडाचा आरोप आला. एगबर्ट स्मिथ यांना १८८७ साली पाठशाळेच्या निरीक्षकांनी दोषी ठरवले, आणि प्रकरण मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन १८९१ साली तो निकाल रद्द झाला. मृतांना दुसरी संधी आहे की नाही, यावर जिवंत माणसे पाच वर्षे कोर्टकचेऱ्या करीत होती!

ह्यूम यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात त्यांनी केलेल्या कामासाठी त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. परंतु त्यांच्या त्या उदार मतातली एक फट आमच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. दुसरी संधी होती ती न ऐकलेल्यांना. नगरच्या खेड्यातला शेतकऱ्याचा पणजोबा त्यामुळे वाचत होता. पण आपल्या पणजोबांचे काय? त्यांनी तर ऐकले होते. मिशनच्या बाकावर बसून ऐकले होते, धडा पाठ करून म्हटला होता, काहींनी मास्तर होऊन तोच धडा दुसऱ्यांना शिकवला होता, आणि संध्याकाळी घरी जाऊन शब्बाथचा दिवा लावला होता. नव्या मताप्रमाणे सर्व हिंदुस्थानात ज्यांना सबब सांगता येणार नाही असे कोणी असतील, तर ते बेने इस्राएल!

हाच प्रश्न आपल्या रब्बींपुढेही आला होता, पण उलट बाजूने: परक्या लोकांना येणाऱ्या जगात वाटा आहे काय? रब्बी एलिएझर नाही म्हणाले, रब्बी यहोशुआ म्हणाले की त्यांच्यातल्या नीतिमानांना आहे. पुढे यहोशुआंचे मत चालले व रामबामांनी ते कायम केले. यात आपण मोठेपणा मिरवण्याचे कारण नाही; एलिएझरही आपलेच होते. शिवाय आपल्याला अपुरे ठरवणारे सगळे ख्रिस्तीच होते असेही नाही. इस्राएलमध्ये लग्नाच्या बाबतीत आपल्या यहुदीपणाविषयी शंका काढल्या गेल्या आणि १९६४ साली क्नेसेटला त्यात पडावे लागले, हे ज्यांनी सोसले ते अजून आपल्यात आहेत.

अमेरिकेत पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. हार्टफर्डच्या होरेस बुशनेल यांनी १८६६ सालच्या ग्रंथात आबेलारच्या वाटेने जाऊन येशूचे मरण म्हणजे आजाऱ्याचे दुःख वाटून घेणाऱ्या प्रेमासारखे आहे असे लिहिले होते. शतकाच्या अखेरीस बोर्डाच्या मंडळ्यांत हे मत रुजले. मिशनचे काम बदलत गेले. १९२७ च्या सुमारास याच मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी नागपाड्याला 'नेबरहूड हाउस' चालवले, आणि नागपाडा म्हणजे आपलीच वस्ती. तिथल्या कामातून पुढे १९३६ साली समाजसेवेची टाटा संस्था निघाली. दुसऱ्या बाजूला, सर्वच ख्रिस्ती बदलले असे नाही. १९८० साली सदर्न बॅप्टिस्टांचे अध्यक्ष बेली स्मिथ यांनी, देव यहुद्याची प्रार्थना ऐकत नाही, अशा अर्थाचे विधान जाहीर सभेत केले, आणि १९९६ साली त्याच पंथाने यहुद्यांत धर्मप्रसार वाढवण्याचा ठराव केला. तेव्हा दाराशी येणारे तरुण यापुढेही येणारच आहेत.

पण ज्या बोर्डाने हॉल व नॉट यांना पाठवले, त्याचा वारसा आज युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या मंडळीकडे आहे. तिने १९८७ साली आपल्या सर्वसाधारण सभेत ठराव केला, की देवाने यहुदी लोकांशी केलेला करार रद्द झालेला नाही आणि ख्रिस्ती धर्माने यहुदी धर्माची जागा घेतलेली नाही. शब्द कोरडे आहेत, सभेचे ठराव असतात तसे. आपल्या समाजाचा त्यात उल्लेख नाही, असण्याचे कारणही नाही. तरी १८१३ पासून मोजले तर हे उत्तर यायला एकशे चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

आणि ती ॲण्डोव्हरची पाठशाळा? ती १९०८ साली ॲण्डोव्हर सोडून केंब्रिजला गेली, १९३१ साली बॉस्टनजवळच्या न्यूटनमधील बॅप्टिस्ट पाठशाळेबरोबर राहू लागली, आणि २०१७ साली येल विद्यापीठात सामील झाली. न्यूटनच्या टेकडीवर असताना तिने आपल्या आवारालगतची जागा विकली होती. ती घेतली हिब्रू कॉलेजने. २००३ साली त्या कॉलेजात रब्बी घडवण्याचे शिक्षण सुरू झाले, आणि पुढची काही वर्षे एकाच टेकडीवर पाद्री होणारी मुले व रब्बी होणारी मुले काही विषय एकत्र बसून शिकत होती.